गोष्ट संपेपर्यंत गाडीतच

परवा रात्री दारातला बर्फ काढायला बाहेर आलो, तर शेजारच्या आजोबांची गाडी त्यांच्या घरासमोर चालूच होती. सत्तरी पार केलेला माणूस आत डोळे मिटून बसलेला. पोटात धस्स झालं. काच वाजवली. त्यांनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं, मग पलीकडचं दार उघडून मला आत बसवलं. दहा-बारा मिनिटं दोघं गप्प. स्पीकरवर तुरुंगातले दोन कैदी बोलत होते. गोष्ट संपली, तेव्हा आजोबा म्हणाले, "आता जेवायला जातो."

घर आलं तरी गोष्ट संपली नाही म्हणून गाडीतच बसून राहायचं, याला इथल्या रेडिओवाल्यांनी 'ड्राइव्हवे मोमेंट' असं नाव दिलंय. ज्या शिकागोच्या उपनगरात मी राहतो, त्याच शिकागोत १९९५ साली आयरा ग्लास यांनी 'धिस अमेरिकन लाइफ' हा खऱ्या माणसांच्या गोष्टी सांगणारा रेडिओ कार्यक्रम सुरू केला, हे आजोबा मला दर भेटीत सांगतात. आता त्यांचा अभिमान मला समजतो.

ते ऐकत होते तो पॉडकास्ट म्हणजे 'इअर हसल'. तुरुंगाच्या बोलीत याचा अर्थ चोरून दुसऱ्याचं बोलणं ऐकणं. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात हे सुरू झालं. अर्लोन वुड्स तेव्हा तिथे शिक्षा भोगत होते, नायजेल पूर या कलावंत बाई बाहेरून यायच्या. पहिला भाग खून-दरोड्यावर नाही, तर एका खोलीत दोघांनी कसं राहायचं यावर. कोणासोबत खोली मिळाली, कोण घोरतं, कोणाशी पटत नाही. मागे लोखंडी दारांचे, माणसांच्या ओरडण्याचे आवाज तसेच ठेवलेत. प्रत्येक भाग तुरुंगाचा अधिकारी आधी ऐकतो आणि मंजूर असल्याचं स्वतःच्या आवाजात सांगतो. २०१८ मध्ये गव्हर्नरांनी वुड्स यांची शिक्षा कमी केली, ते बाहेर आले आणि काम चालूच ठेवलं. मी सलग तीन रात्री हेच ऐकलं. माणसाला बोलताना मध्येच गप्प बसू देणं, आणि ते गप्प बसणं कापून न टाकणं, हे मी याआधी कुठेही इतक्या मनापासून केलेलं ऐकलं नव्हतं.

'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'ही जरूर ऐका. त्यात निर्जीव वस्तूंची मुलाखत असते, पहिल्याच भागात कोलाचा डबा बोलतो. ज्यांच्याकडे वेळ कमी त्यांनी 'द मेमरी पॅलेस' घ्यावं, विस्मरणात गेलेल्या माणसांच्या छोट्या गोष्टी आहेत. 'साँग एक्सप्लोडर'मध्ये गाणारे स्वतःच आपलं गाणं सुटं करून दाखवतात.

हे सगळं माजलगावला भावाला कळवलं, तर तो म्हणाला, "तिथं बसून आम्ही काय ऐकायचं ते नको सांगू." लागलं मला. कारण डब्याच्या तोंडी बोलणं घालणाऱ्यांचं कौतुक करताना मलाही पैठणच्या नाथांची भारुडं आठवत होतीच. विंचू चावल्याचं सोंग घेऊन काम-क्रोधावर बोलणारी परंपरा आपली आहे. कीर्तनात पूर्वरंग झाला की आख्यानाला माणूस कसा पुढे सरकून बसतो, हे आमच्या गावच्या सप्ताहात मी लहानपणी पाहिलंय. सांगण्याची कला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

पण मग मला मराठीत जे पॉडकास्ट सापडतात, त्यातले बहुतेक दोन-दोन तास यशस्वी माणसांच्या गप्पांचे का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेल्या किल्लारीत भूकंप झाला तेव्हा कोण कुठे होतं, त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करायला हवं. १९४८ साली दहा वर्षांची असलेली, रजाकारांचे दिवस पाहिलेली माणसं आता नव्वदीला टेकलीत. आपण कशाची वाट पाहतोय?

ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांचं काम 'पारी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या, लाखाच्या वर. त्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. माझ्या गावचे आवाज मी शिकागोच्या लोकलमध्ये पहिल्यांदा ऐकले. दोन स्टेशनं पुढे गेलो, उतरायचं भान राहिलं नाही.

माझी आजीही गायची. तिचा एकही आवाज आमच्याकडे नाही. भावाला वाटतं, मी निघून गेलो म्हणून हे असं झालं. पण आमचं जातं मी दहावीत असतानाच कोपऱ्यात गेलं होतं, गल्लीत गिरणी आली म्हणून. आणि आजी गेली तेव्हा मी पुण्यात होतो, अमेरिकेत नाही.

रविवारी मायला फोन लावून विचारलं, आजीची एखादी ओवी आठवते का. "जातं नसताना कशी आठवंल रं?" म्हणाली. थोड्या वेळाने परातीत हात गोल फिरवायला लागली, भाकरीच्या पिठावरच, आणि चार ओळी आल्या. चौथीला कुकरची शिट्टी झाली.

"तेवढी शिट्टी काढून टाक बरं का," माय म्हणाली.

काढलेली नाही.