विदर्भातली जुनी दफनस्थळं : जुनापाणी झालं, आता हिंगणघाट

सिंदखेडराजाची लखुजी जाधवरावांची समाधी आणि चंद्रपूरला राणी हिराईनं बांधून घेतलेली गोंड राजा बीरशाहांची समाधी मागेच पाहून झाली. हा हिवाळा जुनापाण्याला दिला.

नागपूरजवळ काटोल रस्त्यावरची ही शिळावर्तुळं म्हणजे लोहयुगातली दफनभूमी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. घुमट नाही, शिलालेख नाही. काळ्या दगडांचं गोल कडं आणि आत माती-मुरमाचा जरासा उंचवटा. लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात अन् निघतात. मला मात्र सिंदखेडराजापेक्षा इथे जास्त वेळ लागला, कारण इथे सांगायला दगडांशिवाय कोणीच नाही.

कड्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेत. बोटाचं पेर बसेल एवढे, ओळीनं. भर दुपारी गेलात तर दगड नुसता सपाट दिसतो. सकाळी ऊन तिरपं असताना जा. एकेका खळग्यात सावली भरते आणि अख्खी ओळ वर येते. फोटोसाठी खळग्यांत खडू भरू नका, हात जोडून सांगतो.

ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकनं एकोणिसाव्या शतकात इथे खोदलं, 1961-62 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांनी. पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते जवळच्या माहूरझरीनं. तिथे डॉ. शां. भा. देवांच्या उत्खननात माणसासोबत पुरलेला घोडा सापडला, तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. मेलेल्या धन्यासोबत घोडाही सजवून पाठवणारी माणसं आपल्याच मातीत राहत होती, हे कळल्यापासून त्या उंचवट्यांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

त्याच भागात एका वावरात, धुऱ्याला लागून, अर्धं कडं शिल्लक आहे. पऱ्हाटीच्या ओळी त्याला वळसा घालून जातात. वावराचे मालक काकाजी म्हणाले, "आमच्या बापानं बी हे गोटे हलवले नाही, मी कायले हलवू?" सरकारी पाटी नसलेली कितीतरी वर्तुळं अशा माणसांमुळेच टिकलीत. वावरात शिरण्याआधी विचारा, पीक तुडवू नका.

पुढचा मुक्काम हिंगणघाट. 1802 मध्ये मद्रासहून देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन तिथे पुरलेला आहे. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन वर्षानुवर्षं उत्तरेकडे सरकत आलेला हा माणूस नागपूरच्या वाटेवर, 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटात वारला. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट, त्याचं नाव शिखरामुळे पोरासोरांना माहीत असतं. पण ज्याच्या पश्चात एव्हरेस्टनं हे काम पुढे नेलं, त्या लॅम्बटनची कबर वर्धा जिल्ह्यात आहे हे वर्ध्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याआधी एकदा जुनापाण्याला होकायंत्र घेऊन जाणार आहे. खळगे असलेले दगड कड्यात कोणत्या दिशेला बसवलेत, ते वर्तुळागणिक लिहून काढायचं आहे. टेप धरायला कोणी सोबत येत असेल तर कळवा, सकाळी लवकर निघू.