जुन्या एअर पिस्तुलाचा जीव वायसरमध्ये असतो

माळ्यावरून काढलेलं जुनं एअर पिस्तूल छर्रा जेमतेम दहा फूट टाकत असेल, तर लोक आधी स्प्रिंगला दोष देतात. बहुतेक वेळा दोषी असतो दट्ट्यावरचा चामड्याचा वायसर. तो वाळून आक्रसतो आणि हवा बाजूने निसटते.

हे सगळं फक्त ४.५ मिमीच्या स्प्रिंगवाल्या, बॅरल मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) लोड करायच्या पिस्तुलांबद्दल आहे. काडतुसाचं पिस्तूल असेल तर ते उघडूसुद्धा नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, ते काम परवानाधारक कारागिराचंच.

पिस्तूल हातात आलं की बॅरल मोडून आत छर्रा अडकलेला नाही ना ते बघा. 'चालतंय का' म्हणून रिकामं उडवू नका. पुढे छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या सिलिंडरच्या तोंडावर थेट आदळतो. गंजलेल्या पिना रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून पितळी पंचने काढा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा स्क्रूड्रायव्हर घासून तयार करा, कारण खाच एकदा फाटली की ती कायमची दिसते. स्प्रिंग आत दाबलेलीच असते, त्यामुळे मागचं बूच क्लॅम्पमध्ये धरल्याशिवाय सोडू नका. चष्मा घाला.

आता वायसर. सिलिंडरचं भोक २५ मिमीचं धरू. झाडाच्या सालीने कमावलेलं ३ मिमी जाड चामडं घ्या. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं आकार धरत नाही. ३८ मिमी व्यासाची चकती कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. साच्याला २५ मिमीचं भोक आणि दाबायला १९ मिमीचा दांडा हवा, म्हणजे दोन्ही बाजूंना चामड्याची जाडी मावते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लेथवर हे दोन तुकडे सहज निघतात. दाबलेला कप साच्यातच दोन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलात तर कड वाकडी होते. मग धारदार ब्लेडने काठ एकसारखा कापा आणि कप रात्रभर सिलिकॉन तेलात ठेवा.

कपाचं तोंड पुढे, हवेच्या छिद्राकडे हवं. सायकलच्या पंपासारखंच, दाब वाढला की काठ फाकून भिंतीला चिकटतो. बसवल्यावर छिद्रावर अंगठा दाबून दट्ट्या ढकला. तो उसळून मागे आला तर वायसर जमला.

स्प्रिंग काचेवर लोळवा. डुगडुगली तर वाकली आहे. नवी करून घेताना जुन्याच जाडीची तार सांगा. ३ मिमी तारेचे २८ वेढे पूर्ण दाबल्यावर ८४ मिमी होतात. पूर्ण कॉक केल्यावर, म्हणजे स्प्रिंग दाबून ट्रिगरला अडकवायला गेल्यावर, आत त्याहून कमी जागा असेल तर ट्रिगरची खाच पकडणारच नाही. जास्त ताकदीच्या स्प्रिंगचा मोह तर टाळाच. झटका वाढतो, नेम बिघडतो, वायसर लवकर फाटतो.

ट्रिगर हलका करायला सिअर (दट्ट्या अडकवून धरणारी ट्रिगरची खाच) कानशीने घासणं मला अजिबात मान्य नाही. कडक थर अगदी पातळ असतो. तो गेला की खालचं मऊ लोखंड झिजतं आणि पिस्तूल धक्क्याने आपोआप सुटतं. तसंही छर्रा भरताना मोडलेली बॅरल दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच ठेवा.

दट्ट्याच्या मागच्या भागाला आणि स्प्रिंगला मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ हात द्या. वायसरच्या पुढे काहीही लावू नका. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटतं, धूर निघतो, आवाज फुटतो. तेलात मुरलेल्या नव्या कपाचे पहिले पंधरा-वीस छर्रे असे धुरकट जातील, त्यावरून नेम ठरवू नका.

बॅरलच्या जोडावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून एक छर्रा मारा. कागद उडाला तर तिथलं सील गळतंय.

मग १० मीटरवर, चपट्या तोंडाच्या ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यांनी पाच-पाचचे गट मारा. मागे जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेली पेटी ठेवा. गट घट्ट पण बाजूला पडत असेल तर साइट (नेम धरायची खूण) सरकवा. गट विखुरत असेल तर साइटला हात लावण्याआधी बिजागरीचा स्क्रू तपासा.