निम्मं-निम्मं बिल

संहितेची पहिली दहा पानं वाचली आणि ही कादंबरी प्रकाशनासाठी घ्यायचीच, असं मी ठरवून टाकलं. तालुक्याच्या गावातला एक गाळा, मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. एकीकडे घड्याळं दुरुस्त करणारा चाळिशीचा माणूस, दुसरीकडे ब्लाऊज शिवणारी, पिको-फॉल करणारी बाई. मीटर एकच. दर महिन्याचं बिल दोघं निम्मं-निम्मं भरतात आणि तेवढ्यापुरतं बोलतात. कादंबरीभर अशी बारा बिलं.

सांगाडा झकास, भरण मात्र कुठे दाट, कुठे विरळ. साठ हजारांच्या आसपास शब्द, म्हणजे डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात साधारण 240 पानं. लेखिकेशी बसण्याआधी मी प्रसंगांचा तक्ता करते: कोण पुढे सरकलं, कोण मागे, एकमेकांबद्दल नवीन काय कळलं, हाक कशी मारली. या तक्त्यात पहिल्या तीन बिलांनी 130 पानं खाल्ली होती, पुढच्या सहांनी 90 आणि शेवटच्या तीन बिलांना जेमतेम 20 उरली होती. त्या 130 पानांतल्या चौदापैकी नऊ प्रसंगांपुढे रकाने कोरे. चहा, पाऊस, वीज जाणं, परत चहा. संथ कथेत फारसं घडलं नाही तरी चालतं, पण प्रसंग संपल्यावर दोघांतलं अंतर केसभर तरी बदललेलं हवं. बरं, पान 40 वरच निवेदक सांगून मोकळा: ‘त्याला ती आवडू लागली होती.’ ते एक वाक्य उडवलं की पुढच्या पन्नास पानांत जीव येतो. पान 31 ला ती त्याला ‘तू’ म्हणते, 34 ला पुन्हा ‘तुम्ही’. ही तर निव्वळ नजरचूक. आणि हा कसबी कारागीर सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाला चावी देतो!

लेखिकेबरोबरच्या बैठकीत खरी गंमत बिलावरून झाली. टेबलावर कागद घेऊन मी हिशेब मांडला. नायिकेची इस्त्री हजार वॅटची. तापून आपोआप बंद होण्याचा वेळ वगळून रोज दोन तास धरली तर दोन युनिट, पंचवीस दिवसांचे पन्नास. त्याचा नऊ वॅटचा दिवा दहा तास जळला तरी महिन्याला सव्वादोन युनिट. पंखे दोघांचे सारखेच. म्हणजे पहिल्या बिलापासून हा माणूस तिच्या इस्त्रीचे पैसे चूपचाप भरतोय, आणि हे संहितेत कुठेच नाही! लेखिकाबाई कागदाकडे बघतच राहिल्या. ‘अहो, मी आपलं सोपं म्हणून निम्मं केलं होतं.’ मी सुचवलं, पाचव्या बिलाच्या वेळी हा हिशेब तिला स्वतःला करू द्या. तिला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. सहाव्या महिन्यात ती फक्त निम्म्याहून जास्त पैसे पुढे करेल आणि तो घेणार नाही. निवेदकाला दोघांच्या डोक्यात आळीपाळीने शिरायची मग गरजच पडत नाही.

दुसरी अडचण शेवटाकडची. पान 220 ला तो तिचं फोनवरचं अर्धवट बोलणं ऐकतो आणि रुसतो. एका खुलाशात मिटणारा गैरसमज वीस पानं ताणला की वाचक वैतागतो. उलट खरा अडसर पान 12 वरच पडून होता: मालकाने तिच्याशी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा करार केलाय, नेहमीसारखा अकरा महिन्यांचा. बारावं बिल येण्याआधीच तो संपतो! नूतनीकरण होणार की मालक गाळा मोकळा करून घेणार, हा प्रश्न आठव्या बिलापासून डोकावू लागला, तर फोनची भानगड पूर्ण वगळता येते.

एवढं त्यांना पटलं. आता पानं 208 वर आणायची, म्हणजे सोळा-सोळा पानं एकत्र छापलेले तेरा फॉर्म. कापणी बहुतेक पहिल्या तीन बिलांतूनच. लग्नाचं शेवटचं प्रकरण काढायला मात्र त्या तयार नाहीत. वाचक चिडतील म्हणतात. माझ्या मते कादंबरी बाराव्या बिलावर संपते. तूर्त ते प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय.