पाळण्याची होडी

एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती कलिंगड कोरून केलेल्या पाळण्याला. डोहाळजेवण असलं की मधल्या टेबलावर पाळणा आणि त्यात कापलेली फळं.

गेल्या मेमधली गोष्ट. सहकारनगरातला छोटा हॉल, अकराला ओटी. आदल्या दिवशी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून दोन कलिंगडं आणली. गडद सालीचं शुगर क्वीन हे वाण नक्षीला झकास. साल, मग पांढरं, मग गुलाबी, मग लाल, असे चार रंग सुरीखाली उलगडत जातात. पण ते लहान असतं. पाळण्याला लांबुळकं, पट्ट्यांचंच लागतं, तसं नऊ किलोचं मिळालं. त्याच्या पोटावरचा डाग मात्र पिवळाजर्द होता. खाणाऱ्याची चंगळ, कोरणाऱ्याची पंचाईत! पूर्ण पिकलेलं फळ आतून ताठलेलं असतं, सुरीचं टोक लागलं की चीर सुरीच्या पुढे पळते. हे ठाऊक असूनही घेतलं, कारण त्या दिवशी तेवढं मोठं दुसरं नव्हतं.

रिक्षात पाळण्याचा टोप, म्हणजे वरचं छत, मोडतो म्हणून पाळणा मी हॉलवरच कोरते. साडेनऊला बसले. बुडाची पातळ चकती काढून बैठक केली. ती पांढऱ्यापर्यंतच काढायची, लाल गाठलं की बूड गळतं. टूथपिकने टोपाची रेघ आखली, सुरी टेकवली आणि टच्च! चीर टोपावरून आडवी गेली आणि रेघेच्या खाली बोटभर उतरली. दुसऱ्या कलिंगडाचे गोळे मी घरूनच काढून आणले होते, म्हणजे बदलायलाही काही नव्हतं.

डोहाळजेवणात चिरलेला पाळणा. कोणी काही बोललं नाही, पण दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं ते मला कळलं. यजमानीणबाई तर फोन घेऊन बाहेरच गेल्या.

तेवढ्यात मुलीची आजी काठी टेकत आली. वाकून पाहिलं.

"टोप काढून टाक की गं."

"आजी, मग पाळणा कसा राहील?"

"नको राहू दे. होडी कर. माझं डोहाळजेवण नावेतलंच होतं."

पूर्वी झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं, नावेतलं अशी डोहाळजेवणं असत, हे मीही ऐकलेलं. इतकं साधं मला का सुचू नये!

आखलेल्या रेघेनेच टोप उतरवला. काठाला कंगोरे पाडले, गर काढला. उरलेल्या बोटभर चिरेतून रस झिरपू नये म्हणून आत केळीचं पान अंथरलं. चाळणीत निथळलेले कलिंगडाचे गोळे, खरबूज, द्राक्षं, वरून डाळिंबाचे दाणे. मीठ-साखर अजिबात नाही, त्याने फळं पाणी सोडतात आणि तासाभरात होडीत सरबत होतं. टोपाच्या सालीचं शीड कापून दोन काड्यांवर उभं केलं. ते जरा तिरकंच बसलं. वारा आहे म्हणायचं.

अकराला पाच कमी होते. यजमानीणबाई आत आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "अय्या, हे तर वेगळंच!" मी काही खुलासा केला नाही.

आवराआवर करताना आजी पुन्हा आली, हातात कापडी पिशवी.

"ते टोपाचं उरलेलं टाकू नकोस. पांढऱ्याचे डोसे होतात."