आमची वाटचाल : अर्धपुतळ्यापासून उभ्या आकृतीपर्यंत

आमच्या स्टुडिओत मातीची शिल्पं घडवून भट्टीत भाजतो. आधी अर्धपुतळे झाले, मग बसलेल्या आकृत्या आणि सर्वांत शेवटी उभ्या. हा क्रम घोट्यांनी ठरवला. उभ्या आकृतीत सगळा भार दोन घोट्यांवर येतो आणि नेमकी तीच जागा बारीक असते.

पूर्वी आम्ही आकृती भरीव घडवून मग आतून कोरायचो. कोरताना जाडी कुठे एक, कुठे चार सेंटिमीटर राहायची. जाड भाग मागाहून वाळतो आणि पातळ भागाला ओढून तडा देतो. आता वळ्या रचत पोकळच चढवतो, भिंत दीड ते दोन सेंटिमीटर. स्टोनवेअर मातीत (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती) २५ ते ३० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा. चेहऱ्याला आणि बोटांना ग्रॉग बारीक घेतो, पण प्रमाण तेच. प्रमाण बदललं की आकसणं बदलतं आणि सांधा उकलतो. आमची माती भाजून १२ टक्के आकसते, म्हणून ६० सेंटिमीटरची आकृती हवी तर ओली ६८ची घडवायची.

वाळवण्यात घाई नाही: तीन ते चार आठवडे. मनगटं, मान, कान आधी वाळतात, त्यांना प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचं.

हवेच्या बुडबुड्याने शिल्प फुटतं, असं बरेच जण मानतात. फोडते ती आत राहिलेली ओल, तिची वाफ होते तेव्हा. म्हणून भट्टी ८०–९० अंशांवर रात्रभर धरतो आणि डोक्याच्या पोकळीला खालून भोक ठेवतोच. पुढे ५७३ अंशांजवळ मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण, एकदम फुगतो. तिथे चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा सावकाश. पहिली भाजणी १००० अंशांवर.

खरी कसोटी दुसऱ्या भाजणीत, १२२० अंशांनंतर लागते. माती किंचित मऊ होते आणि पुढे झुकलेलं धड आणखी झुकतं. त्याला त्याच मातीचे टेकू देतो, म्हणजे दोन्ही बरोबरीने आकसतात. मध्ये ॲल्युमिनाची, म्हणजे या उष्णतेत न वितळणारी, पूड, नाहीतर टेकू चिकटतो. तळाखालीही त्याच मातीची लादी असते, तिच्यामुळे पाय एकमेकांपासून फाकत नाहीत.

चकचकीत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, आम्ही बंद केलं. पापण्यांच्या कडा त्यात बुडून जातात. आता पहिल्या भाजणीनंतर लोहाच्या ऑक्साइडचं पाणी फासून ओल्या स्पंजने पुसतो. रंग फक्त खाचांत उरतो आणि पाठीचा कणा लांबूनही दिसतो.