सिंथ लॉग ३: ८८ का ६१, आणि पेटीवाल्याची बोटं

मागच्या लॉगमध्ये छाती ठोकून लिहिलं होतं की सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, घेईन तर ८८ पट्ट्यांचाच घेईन. घेतला ६१ चा, आणि तोही जुना. कसं झालं ते सांगतो.

आधी मापं. फुल साइज पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. ६१ मध्ये पांढऱ्या ३६, म्हणजे नुसत्या पट्ट्याच ८५ सेंटीमीटरच्या आसपास, ८८ मध्ये पांढऱ्या ५२, म्हणजे १२२, आणि बाजूला पिच व्हील (सूर वरखाली सरकवायचं चाक) वगैरे असेल तर ती जागा वेगळी. घरी पेपरच्या पट्ट्या कापून चिकटवल्या आणि मीटरभर टेबलावर अंथरल्या तर ८८ वाली वीतभर बाहेर लोंबायला लागली. बायको म्हणाली, एवढी लांबी आहे तर कुरडया वाळत घालता येतील. बरं, वजन बघा, यामाहाचा मोडएक्स६ म्हणजे ६१ वाला ६.६ किलो, त्याचाच ८८ वाला मोडएक्स८ १३.८ किलो. दुप्पट. आमच्या भजनी मंडळाची जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि मंडळात उचलायला हात लावतील असे सगळे साठीच्या पुढचे.

३७ मिनी कीजवाला पण डोक्यात होता, मायक्रोकॉर्गसारखा. पेटीला साडेतीन सप्तकं म्हणजे ४२ पट्ट्या, त्यातच वीस वर्षं गेली, मग ३७ ला काय झालं असं वाटायचं. पण पेटीत डावा हात भात्यावर असतो, इथं तो मोकळा, त्याला काम द्यायचं तर स्प्लिट करून, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग पाडून, खाली बेस किंवा तानपुऱ्यासारखा भरून राहणारा आवाज (पॅड) आणि वर मुख्य सूर (लीड). ४९ वर असं केलं की उजव्या हाताला अडीच सप्तकं उरतात आणि बुवा काळी पाचमध्ये तार सप्तकात घुसले की आपलं बोट पट्टी सोडून बॉडीवर. सप्तक वरखाली सरकवायचं ऑक्टेव्हचं बटण असतं, मान्य, पण अभंग रंगात आलेला असताना बटण कोण शोधत बसणार? म्हणून ६१. साइजचा विषय तिथंच संपला, खरी डोकेदुखी ॲक्शनची होती, म्हणजे पट्टी बोटाखाली कशी दबते त्याची.

त्यासाठी सोलापुराहून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, सकाळी जाऊन रात्री परत. दुकानात आधी ८८ चा हॅमर ॲक्शनवाला दाबला. पियानोसारखं प्रत्येक पट्टीमागं वजन, खर्जाकडं जड, वर जाल तसं हलकं. पहिली दहा मिनिटं राजा असल्यासारखं वाटलं. मग सवयीनं एक द्रुत तान घेतली आणि मधले दोन सूर गायबच. परत घेतली, परत तेच.

कारण असं की पेटीची पट्टी जरा दाबली की आतली झडप उघडते आणि सूर निघायला लागतो, अर्ध्या दाबातच. जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज भात्यावर. सिंथमध्ये पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, एक आधी लागतो, एक नंतर, आणि त्या दोघांमधला वेळ मोजून मशीन ठरवतं तुम्ही किती जोरात मारलं, १ ते १२७. वाजतं ते दुसरा लागल्यावर, म्हणजे पट्टी बऱ्यापैकी खाली गेल्यावर. पेटीवाला कणस्वर लावताना पट्टीला नुसता शिवून जातो, तो सूर इथं जन्मालाच येत नाही. शिवाय अशा दोन कॉन्टॅक्ट म्हणजे सेन्सरवाल्यात तोच सूर परत वाजवायला पट्टी जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावी लागते, तीन सेन्सरवाल्यात ते सुधारतं पण जडपणा जात नाही. शेजारच्या साध्या स्प्रिंगवाल्या सिंथ ॲक्शनवर तीच तान जवळजवळ सगळी निघाली. सेमी वेटेड मधला मार्ग, स्प्रिंग आणि थोडं वजन, आवडला, किंमत बघून खाली ठेवला. पियानो शिकणाऱ्यांनी माझं ऐकू नका, तुम्हाला हॅमरच पाहिजे.

जुना ६१ शेवटी सोलापुरातच मिळाला, अशोक चौकाच्या पुढं, यंत्रमागाच्या कारखान्याला लागून घर होतं. विकणारा म्हणाला, "मालक, भजनाला एवढी लांब पेटी कशाला लागतीय ओ?" मी एकेक पट्टी तीन-तीनदा दाबून बघितली तरी घरी आल्यावर मध्य सप्तकातला एक पंचम मधेच बोंबलायचा. हळू दाबला तरी फुल आवाज. उघडला तर पट्ट्यांखाली मागावरच्या सुताची बारीक धूळ, अक्षरशः गादी झालेली. आधी लागणारा कॉन्टॅक्ट त्यामुळं उशिरा लागायचा, दोघांतला वेळ कमी पडायचा आणि सिंथला वाटायचं ह्यानं पट्टी हाणली. कॉन्टॅक्टवरची रबराची पट्टी अलगद काढली, कोरड्या कपड्यानं पुसली, बोर्डावरचे कॉन्टॅक्टचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं साफ केले. सोलापूरचं ऊन असं की बोळा उचलेपर्यंत वाळलेलं. दोन स्क्रू उरले, ते कुठले ते अजून कळलं नाही.

मग सेटिंग. पेटीच्या आवाजाला व्हेलॉसिटी, म्हणजे तो जोराचा आकडा, फिक्स करून टाकली, सगळे सूर सारखे, आणि चढउतारासाठी पायानं आवाज कमीजास्त करायचं एक्स्प्रेशन पेडल घेतलं, म्हणजे भाता पायाखाली. घरी खुर्चीवर बसून आठवडाभर सराव केला, विलंबितात सूर फुगवणं मस्त जमायला लागलं.

गुरुवारी मंडळात नेला, चादर अंथरली, सगळे बसले, मीही मांडी घालून बसलो आणि पेडल हातात घेऊन बघतच राहिलो. पाय कुठाय? एकट्यानं खुर्चीवर बसायचं तर बुवांच्या डोक्यावर बसल्यासारखं होतं. शेवटी पेडल मांडीशेजारी ठेवलं आणि डाव्या हातानं दाबत साथ केली. स्प्लिट बंद, बेस बंद, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर.

म्हणजे ४९ चालला असता.