एक्समधले पणजोबा

तीन दिवस मी पणजोबांना 'एस'मध्ये शोधत होतो आणि ते निवांत 'एक्स'मध्ये बसले होते.

हे खूळ मुळात माझं नव्हे. चुलतभावाला पोर्तुगीज पासपोर्टचे वेध लागले. 19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला करता येते आणि त्या दोरीला धरून पोरानातवंडांनाही वर चढता येतं, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक. भावाला आजोबांचा जन्मदाखला हवा होता, पण रजा नव्हती. म्हणून मी गेलो. दाखला एका सकाळीत हाती आला आणि मलाच हाव सुटली. आजोबा सापडतात, तर त्यांचे वडील शांताराम का नाही? निदान त्यांच्या लग्नाची नोंद तरी असणारच.

कारण गोव्यात लग्न म्हणजे आधी सह्या. भटजी, वाजंत्री, जेवणावळ सगळं नंतर. 1910मध्ये पोर्तुगालचा राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि 1914पासून इथे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांचेच जन्म, लग्न, मरण सरकारी वहीत चढू लागलं. त्याआधी ख्रिस्ती घरांच्या नोंदी चर्चच्या पुस्तकांत असत. आमच्या नव्हत्या कुठेच.

वही उघडली की पहिल्यांदा वास येतो, मग वाळवीने पाडलेली भोकं दिसतात, आणि त्यांच्यामधून वाट काढत गेलेलं कारकुनाचं तिरकं, नक्षीदार अक्षर. अनुक्रमणिका आडनावाची नव्हे, पाळण्यातल्या नावाची. मी सरळ 'एस' धरला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या वकिलांना माझी दया आली. ते म्हणाले, "अरे बाबा, पोर्तुगीज 'श' 'एक्स'ने लिहितात. तुझा शांताराम शेवटच्या पानांवर बघ."

मग दृष्टीच बदलली. आडनावांतही केणी 'क्यू'ने, शेट 'एक्स'ने. यशवंताचा 'एस्वोंता', रघुनाथाचा 'रोगुनाता', विठ्ठलाचा 'विटोल', प्रभूंचे 'पोरोबो', पैंचे 'पोय'. शेणव्यांना मात्र 'एस' दिला: सिनाय. आता यातून नियम काढून दाखवा! ऐकू आलं तसं कारकुनाने लिहिलं आणि समोर उभ्या असलेल्या आपल्या माणसाने मान डोलावली. ती डोललेली मान आज घराघरांच्या पाट्यांवर आणि बँकेच्या खात्यांत आडनाव होऊन बसली आहे.

कुंकळ्ळी गावच्या ख्रिस्ती मित्राजवळ मी कुरकुर केली, "तुमचं बरं आहे. तुमचे पूर्वज दगडावर नाव कोरून जातात. आमचे राख होऊन पाण्यात." तो हसला आणि दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, मला त्यांच्या सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, घेऊन गेला. सगळीकडे झेंडूची फुलं, वाऱ्याशी झुंजणाऱ्या मेणबत्त्या, आणि फोंडीवरची, म्हणजे कबरीवरची, माती हाताने सारखी करत बसलेल्या बायका. आजीच्या संगमरवरी दगडापुढे त्याने मेणबत्ती लावली. मी विचारलं, "पणजोबा कुठे?" त्याने त्याच जमिनीकडे बोट केलं आणि मग खांदे उडवले. जागा तेवढीच, माणसं मरायची थांबत नाहीत. काही वर्षांनी हाडं काढतात आणि त्याच खड्ड्यात पुढच्याला ठेवतात. कायमची फोंड पैसेवाल्यांची. "आमचो पणजो खंय गेलो कोण जाणा," म्हणाला आणि विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवू लागला.

टिकलेले दगड पाहायचे तर जुन्या गोव्यात जावं. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये चालायला जमीनच थडग्यांच्या फरशांची आहे. त्यांवर घराण्यांची चिन्हं, ढाली, शिरस्त्राणं. कित्येक जुन्या दगडांवर मजकूर असा की ही कबर अमक्याची 'आणि त्याच्या वारसांची'. म्हणजे पुढच्या पिढ्यांची जागाही राखून ठेवलेली. वारस कुठल्या बंदरात, कुठल्या तापात गेले असतील ते असोत. दगडावरून मात्र तीन-चार शतकं लोक चालताहेत आणि अक्षरं उंबरठ्यासारखी गुळगुळीत झाली आहेत. मीही चाललो. पाय चुकवून चालावं असं वाटलं, पण मग ठेवायचा कुठे?

मित्राची खरी वंशावळ दगडात नाहीच, ती कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारीच्या, वहीत आहे. गावकारी जुनी, पोर्तुगीजांच्याही आधीची. तिच्यात कोण कुठल्या वांगडाचा, म्हणजे मूळ कुळाचा, ते लिहिलेलं. बाप्तिस्म्याच्या वेळी सख्ख्या भावांना दोन वेगळ्या आडनावांच्या पाद्रींनी किंवा धर्मपित्यांनी आपापली नावं दिली, की दोन घराणी झाली. वांगड मात्र एकच राहिला. म्हणून शिगम्यात फातर्प्याची शांतादुर्गा आपल्या मूळ गावी, कुंकळ्ळीला येते तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्यांत ख्रिस्ती गावकरही असतात. मित्र दरवर्षी जातो. मी त्याला कारण कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

आमच्याकडे वही होती ती त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे. वडिलांबरोबर एकदा गेलो होतो. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, लाल कापडातली नामावळ सोडली आणि सात पिढ्या घडाघडा वाचल्या. वडिलांचे डोळे भरून आले. मला तेव्हा नाही खटकलं. नंतर घरी कागदावर उतरवताना लक्षात आलं की सातही पुरुष. ही मुलं काय आभाळातून पडली?

त्यांच्या आया मला पोर्तुगीज कारकुनाने दिल्या. 'एक्स'च्या त्या ओळीवरून पान गाठलं: 1926, पणजोबांचं लग्न. वराचे आई-बाप, वधूचे आई-बाप, चौघांची नावं. खापरपणजीचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते तिथे शाईत होतं, चुकीच्या स्पेलिंगसकट. आणि जिला आम्ही सगळे लक्ष्मी म्हणून ओळखतो त्या पणजीचं माहेरचं नावही होतं: सुंद्री. बहुधा सुंदरी. बापाने कौतुकाने ठेवलेलं, बोहल्यावर पुसलेलं. सहीच्या जागी कारकुनाची ओळ: लिहिता येत नसल्यामुळे वधूने सही केलेली नाही.

वराने केली होती. पोर्तुगीज अक्षरांच्या त्या जंगलात एकटीच बाळबोध सही, बोरू दाबून, शिरोरेघ आधी आखून मग अक्षरं टांगावीत तशी. मी मोबाइलने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. कारकुनाने इमानेइतबारे 'श' ऐकला होता आणि 'एक्स' लिहिला होता. खाली पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'सांताराम'.